मिरवणुकीत हात लावला पोराने, नियम झाला पोरींना

करवीरकन्या:
आमच्या पेठेतल्या मंडळाची परवा बैठक झाली. पेठेचं आणि मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणी विचारू नये. विसर्जन मिरवणुकीत आमच्याच एका कार्यकर्त्याने आमच्याच लेझीम पथकातल्या मुलीशी गर्दीचा फायदा घेऊन घाणेरडेपणा केला. मुलगी अकरावीत आहे. तिने जागेवर आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, आईने मंडळात येऊन सांगितलं. बराच काथ्याकूट होऊन ठरलं ते असं. पोराने सगळ्यांसमोर माफी मागायची. ती त्याने मागितली, मोबाइल हातात धरून. आणि पुढच्या वर्षीपासून मुलींचं लेझीम संध्याकाळी सातला बंद. घरचं माणूस सोबत असल्याशिवाय मुलींना पथकात प्रवेश नाही. पोरं सकाळपर्यंत नाचायला मोकळी, हे महाशय धरून.

मी विचारलं, नियम पोरांना का नाही? तर "वहिनी, तुम्ही अलीकडं लई फेमिनिस्ट झालाय" असं उत्तर आलं आणि सगळे हसले. बायकाही हसल्या.

याच मंडळाला पोलिसांनी डॉल्बीचा आवाज कमी ठेवा म्हटलं तेव्हा केवढा स्वाभिमान जागा झाला होता! निवेदनं काय, शिष्टमंडळं काय, परंपरेवर घाला काय. पोरींचं लेझीम एका बैठकीत बंद झालं, परंपरेला खरचटलंसुद्धा नाही.

मला दोन्ही बाजूंचं ऐकायचं आहे. नुसतं "ताई तुमचं बरोबर" लिहू नका.

तांबडापांढरा:
लेझीम बंद, डॉल्बी चालू. जगात भारी कोल्हापूर.

लालमाती:
वहिनी, राग मानू नका. मी पण मंडळातला माणूस हाय. रात्री बारानंतर मिरवणुकीत निम्मी पोरं पिऊन असत्यात. बाहेरगावची येत्यात, त्यांना ना आपली वळख ना पाळख. कुणाकुणाला धरायचं? माझी पुतणी असती तर मी पण तिला सातला घरी पाठवली असती. ह्यात बाईला कमी लेखायचा प्रश्नच न्हाई, काळजी हाय. आमच्यात असं झालं असतं तर पोराच्या दोन कानफटात दिल्या असत्या आन् विषय तिथंच संपला असता. पोलीस-कोर्ट केलं की नाव पोरीचंच खराब होतंय. उद्या लग्न व्हायचंय तिचं.

केएमटी_पास:
दादा, पिणार पोरं आणि सातला घरी जाणार पोरी, हे तुमच्याच पोस्टमध्ये आहे. आणि हा पोरगा बाहेरगावचा नव्हता, मंडळाचा होता. त्याला सगळे नावाने ओळखतात.
मी रोज बसने कॉलेजला जाते. गर्दीत पुढे बॅग धरायची, पाठ खिडकीला लावायची, सेफ्टी पिन हाताशी ठेवायची, हे मला आईने सहावीत शिकवलं. भावाला सहावीत काय शिकवलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

दुसरी_बाजू:
धाग्याच्या शीर्षकातच निकाल लागलाय, पण ताईंनी दुसरी बाजू मागितली आहे म्हणून लिहितो. त्या पोराने केलं ते चूकच. पण एका पोराच्या चुकीवरून सगळ्या पुरुषांना पिंजऱ्यात उभं करायची जी पद्धत पडली आहे, तिला माझा विरोध आहे. माझ्या मोठ्या भावावर ४९८अ, म्हणजे बायकोचा सासरी छळ केल्याचा गुन्हा, लागला आहे. माझी आई सत्तरीची आहे, तिचंही नाव फिर्यादीत आहे. तारखा घेऊन घेऊन आमचं घर बसलंय. भावाने काहीही केलेलं नाही हे मला माहीत आहे, पण ते ऐकायला कुठलीच स्त्रीवादी संघटना येत नाही.
आकडेच हवेत तर बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण देशात २७-२८ टक्के आहे. म्हणजे उरलेल्या ७२ टक्के केसेस काय होत्या? आणि पुरुषावर अत्याचार झाला तर कायद्यात कलम तरी आहे का? समानता म्हणता, मग ती दोन्हीकडून असू द्या.

रोखठोक_करवीर:
चर्चा कसली करताय. बाईवर अत्याचार केला म्हणून छत्रपतींनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले होते. तीच शिक्षा पाहिजे. भर चौकात. बदलापूरला पोलिसांनी आरोपीला गोळी घालून मारलं तेच बरोबर.

[प्रशासक: वरील पोस्टनंतर आलेला एक प्रतिसाद काढून टाकला आहे. त्यात मंडळ कुठलं आणि मुलगी कुणाची याचा अंदाज बांधला होता. पुन्हा असं केलं तर आयडी बंद होईल, सूचना मिळणार नाही.]

तिकटीवरचा_वकील:
मूळ पोस्ट पुन्हा वाचा. मुलगी अकरावीत आहे. म्हणजे सोळा-सतरा. तुम्ही सगळे स्त्रीवाद बरा की वाईट यावर भांडताय आणि समोर धडधडीत पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा, गुन्हा पडलाय, तो कुणाला दिसेना.

कायदा २०१२ चा. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला लैंगिक हेतूने केलेला स्पर्श कलम ७ मध्ये येतो. शिक्षा कलम ८ मध्ये, किमान तीन वर्षं, कमाल पाच. "कपड्यांवरूनच होता की" असं बैठकीत कुणीतरी म्हणालं असणार, म्हणून सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असाच निकाल दिला होता, की त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून हे कलम लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. बघायचा तो हेतू.

आता मंडळाचं. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला लागू आहे. करवीरकन्याताई, तुम्हालाही. माफी मागून घेतली, आईबापांनी लिहून दिलं, तरी हे प्रकरण मंडळाच्या हॉलमध्ये मिटत नाही. लालमाती, तुमच्या दोन कानफटातींनी तर तुमच्यावरच एक वेगळी फिर्याद होईल. आणि पोरगा अठराच्या आतला असला तर तो बाल न्याय मंडळापुढे जातो, तुरुंगात नाही. "त्याचं आयुष्य बरबाद होईल" हा हुंदका आत्ताच काढू नका.

दुसरी_बाजू, तुम्हाला सविस्तर उत्तर उद्या. आत्ता तारीख आहे.

करवीरकन्या:
हे मला खरंच माहीत नव्हतं. मुलीच्या आईला फोन करते.

लालमाती:
वकीलसाहेब, सगळंच कायद्यानं हुतंय व्हय? पोरीला उद्या त्याच गल्लीत राहायचंय. तुम्ही कलम सांगून मोकळं.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, कुठल्या दवाखान्यात ते सोडा. मूळ पोस्टमधल्या "तिने जागेवर आरडाओरडा केला नाही" या वाक्यावर लिहायचं आहे. ताईंनी ते सहज लिहिलंय, पण बैठकीत तोच प्रश्न विचारला गेला असणार: तेव्हाच का नाही ओरडली?

आमच्याकडे अशा मुली येतात तेव्हा बहुतेक सोबतची बाई हेच विचारत असते. आई असते, मावशी असते, काळजीपोटीच विचारते. मुलीकडे उत्तर नसतं, कारण तिलाही ते कळलेलं नसतं. अंग गोठतं. आवाज फुटत नाही, हात हलत नाही. २०१७ मध्ये स्टॉकहोमच्या एका दवाखान्यातल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लैंगिक हल्ल्यानंतर तिथे आलेल्या या स्त्रियांपैकी ७० टक्के जणींच्या बाबतीत हे गोठणं लक्षणीय होतं. भीतीने शरीर असं वागतं, त्यात संमती शोधायची नसते. आपल्या कायद्यानेही २०१३ साली बलात्काराच्या व्याख्येत लिहून टाकलं की अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या नव्या न्यायसंहितेतही ते वाक्य कायम आहे.

हे वाक्य यायला केवढा काळ लागला बघा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, झटापटीची खूण नाही, म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्यावर न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, मग १९८३ ला कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या प्रकरणात बाई "माझी संमती नव्हती" म्हणाली तर न्यायालयाने तिचं म्हणणं आधी धरून चालायचं, हे तेव्हा आलं. पीडितेचं नाव छापायचं नाही, हेही तेव्हाच. वर प्रशासकांनी जो प्रतिसाद उडवला त्याचं मूळ तिथं आहे. "फेमिनिस्ट झालाय" म्हणून हसणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवा.

आणि ही मुलगी दुसऱ्याच दिवशी बोलली. आमच्याकडे लोक वर्षानं येतात.

तांबडापांढरा:
दंडवत. या धाग्यावर आता विनोद करणार नाही. (प्रयत्न करेन.)

पंचगंगाकाठ:
रोखठोक_करवीर, रांझ्याच्या पाटलाची गोष्ट सगळेच सांगतात, पण निम्मीच सांगतात. १६४६ साली महाराजांनी कुणाला धरलं? पाटलाला. गावातल्या सगळ्यात वजनदार माणसाला. आपण काय करतो? पाटील असेल तर त्याला मंडळाचा अध्यक्ष करतो, आणि आरोपी परप्रांतातला मजूर असला की भर चौकात फाशी मागतो. या धाग्यातला पोरगा मंडळाचा कार्यकर्ता आहे, बाप वर्गणी मोठी देत असणार. त्याच्यासाठी कुणी हातपाय तोडा म्हणालं का त्या बैठकीत? तिथं माफीवर भागलं.

आणि एक नावडतं लिहितो. कोपर्डीत मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला त्यानंतर, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्या कोल्हापुरात जो मोर्चा निघाला त्यात मीही चाललोय. लाखो माणसं, एक घोषणा नाही. मला त्याचा अभिमान आहे. पण खैरलांजीत २००६ ला दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं तेव्हा आपल्यापैकी किती जण घराबाहेर पडले? आपला राग जात बघून चढतो आणि जात बघून उतरतो. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटू दे.

रोखठोक_करवीर:
आला जातीवर. अपेक्षितच होतं. खैरलांजीचा इथं काय संबंध? मी सरसकट सगळ्यांना फाशी म्हणतोय, जात कुठं काढली मी?

केएमटी_पास:
सरसकट सगळ्यांना म्हणजे काका-मामांनाही ना? कारण २०२१ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे आहेत आणि ९६ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा आहे. नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब. मुलीला जर माहीत असेल की तोंड उघडलं तर मामा फासावर जाणार, तर ती तोंड उघडेल का? तिची आई उघडू देईल का? एन्काउंटरवर पेढे वाटणाऱ्यांनी याचा विचार करावा.
या घटनेतही बघा. बाहेरून कुणी आलाच नव्हता. पथकातल्या मुलींना सातला घरी पाठवून कुणापासून वाचवलं मग? ज्याच्यापासून वाचवायचं तो रोज सरावाला असतो.

तिकटीवरचा_वकील:
आलो. दुसरी_बाजू, तुमचे तीन मुद्दे आहेत आणि तिन्हीत दम वेगवेगळा आहे.

पुरुषावरच्या अत्याचाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. १ जुलै २०२४ ला भारतीय न्यायसंहिता लागू झाली, तीत अनैसर्गिक संभोगाचं जुनं ३७७ कलम आलंच नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर पुरुषाने अत्याचार केला तर बलात्काराच्या तोडीचं कलमच हातात नाही. मुलग्यांना पॉक्सोचं संरक्षण आहे, तो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. पण अठरा पूर्ण झाले की संपलं. यावर तुम्ही मोर्चा काढा, मी येतो. फक्त हा मुद्दा एरवीही काढत चला. एखाद्या मुलीचा विषय निघाला की तेवढ्यापुरताच आठवतो, तेव्हा ती आस्था वाटत नाही, अडवणूक वाटते.

४९८अ, म्हणजे आताचं कलम ८५. गैरवापर होतो का? होतो. मी स्वतः अशा फिर्यादी पाहिल्यात ज्यात नणंद परदेशात असून तिचं नाव घातलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात सांगून ठेवलंय की अशा गुन्ह्यात फिर्याद आली म्हणून थेट अटक करायची नाही, आधी गरज आहे का ते लेखी नोंदवायचं. तुमच्या आईंना अटकेची भीती घातली जात असेल तर वकिलाला हे विचारा. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, मुंबईच्या खेपाही वाचतील.

आणि ७२ टक्के. साहेब, सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती, हे गणितच चुकीचं. पुरावा कमी पडला तरी सुटतो, पंच फुटला तरी सुटतो. तपास ढिला झाला तरी सुटतो, आणि मुलीचं लग्न ठरलं, सासरी कळू नये म्हणून ती साक्षीला फिरकली नाही तरी सुटतो. हा शेवटचा प्रकार मी जेवढा पाहिलाय तेवढा दुसरा कुठला पाहिला नाही.

दुसरी_बाजू:
उत्तराबद्दल आभार. अटकेचं माहीत होतं, तरी वकिलाला पुन्हा विचारतो. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. तुम्ही "गैरवापर होतो" एका ओळीत मान्य करता आणि पुढे जाता. ज्याच्या घरात झालाय त्याला ती एक ओळ पुरत नाही.

रात्रपाळी:
नाही पुरत, कबूल. पण दादा, तुमच्या भावाच्या केसचा राग या अकरावीतल्या मुलीकडून वसूल होतोय, एवढं तरी बघा. तिने कुणावर खोटी केस केलेली नाही. तिने अजून खरीसुद्धा केलेली नाही.

आक्का_शाहूपुरी:
मी इथं वाचनमात्र असते. नातीने टाइप करून दिलंय.
त्या बैठकीत बायका का हसल्या, ते सांगते. उद्या त्यांच्यातल्या कुणाच्या घरी मयत झालं तर पहिली मंडळाचीच पोरं धावत येणार. महापुरात माझं सामान खांद्यावरून ह्याच पोरांनी काढलं. हॉल लागला तर मंडळाचाच, दवाखान्यात रक्त लागलं तर मंडळाचंच. त्या पोरांच्या तोंडावर बाई कशी बोलणार? हसायचं आणि घरी जायचं. मीही आयुष्यभर हसले. बाईला पटलेलं असतं म्हणून ती हसते असं समजू नका.
पटलेल्याही असतात म्हणा. नात सांगते की सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब पाहणीत देशातल्या ४५ टक्के बायकांनी नवऱ्याने कुठल्या ना कुठल्या कारणाने मारणं बरोबर असं सांगितलं. पुरुष ४४ टक्के. म्हणजे आम्हीच एक पाऊल पुढे.
शाहू महाराजांनी १९१९ ला बाईला क्रूरपणे वागवणाऱ्याविरुद्ध संस्थानात कायदा केला. देशात तसा कायदा १९८३ ला आला. आणि त्याच महाराजांच्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली उरल्या होत्या. पुढच्या खेपेला ८६३. दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालायला मात्र गर्दी मावत नाही. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, शिरोळ तालुक्यातलं एवढंसं गाव, आणि सरकारला त्याच्या मागून परिपत्रक काढावं लागलं. ठराव तुमच्या मंडळानेही केलाय. करताना खेडं शहाणं निघालं आणि शहर असलं निघालं.

तांबडापांढरा:
आक्का, नमस्कार घ्या. नातीला एक आयडी काढून द्या स्वतःचा.

लालमाती:
आक्कांचं पटलं. पण मला कुणीतरी सरळ सांगा, मिरवणुकीत करायचं काय? लाख माणसात मी कुणाचा हात कुठं जातोय बघत बसू का?

केएमटी_पास:
दोरी धरणारी तुमचीच पोरं असतात ना? पथकाभोवती दोरी असते. ती धरणाऱ्यात निम्म्या मुली घ्या. प्यालेल्याला दोरीच्या आत घेऊ नका, तो अध्यक्षांचा मेहुणा असला तरी. तक्रार आली तर दुसऱ्या वर्षी तो पोरगा दोरीच्या बाहेर, आणि ते फलकावर लिहा, नाव न घालता. एवढं केलं तरी पुष्कळ. लेझीम बंद करण्यापेक्षा सोपं आहे, फक्त त्यात पोरांना त्रास होतो.

लालमाती:
अध्यक्षाचा मेहुणा बाहेर काढायचा म्हंजे अवघड हाय मर्दा. पण दोरीला पोरी ठेवायचं बघतो. बोलतो बैठकीत.

करवीरकन्या:
मुलीच्या आईशी बोलले. ती घाबरलेली आहे. तिचा नवरा म्हणतो मिटलंय ते उकरू नका. मुलगी स्वतः मात्र म्हणाली की ठाण्यात गेल्यावर सगळ्यांसमोर सांगावं लागणार नसेल तर मी सांगेन. वकीलसाहेब, ठाण्यात जावंच लागतं का?

तिकटीवरचा_वकील:
मुलीला जावं लागत नाही. कलम २४. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आईवडील किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसू शकतं. मुलीला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. जाताना आईने एकटं जाऊ नये, तुम्ही जा, फिर्यादीची प्रत मागा, ती फुकट मिळते. कुणी "आधी मंडळाशी बोलून घ्या" म्हणालं तर त्याचं नाव आणि हुद्दा विचारून लिहून घ्या. बाकी मला व्यक्तिगत निरोप करा, इथे जास्त तपशील नको. वडिलांना कलम १९ तुम्ही सांगू नका, मी सांगतो. बाईने सांगितलं की भांडण होतं आणि वकिलाने सांगितलं की सल्ला होतो, अजून तरी असंच आहे.

दुसरी_बाजू:
पोराचीही बाजू ऐकली जावी एवढंच माझं म्हणणं.

तिकटीवरचा_वकील:
ऐकली जाईल. त्यासाठीच कोर्ट असतं. बैठकीत ऐकली गेली ती मुलीची होती का, ते विचारा.

लालमाती:
साहेब, एकच शंका. फिर्याद झाली तर मंडळाची पुढच्या वर्षीची परवानगी अडकंल का?